सातवा तास

"मैडम, पैंतालीस परसेंटवाले?" प्राचार्यांनी यादीवरून नजर उचलली. "टॉपर्स लीजिए. स्कूल का नाम होगा."

"टॉपर्स तो अपने आप चले जाएँगे, सर. फेल होनेवालों के लिए एक्स्ट्रा क्लास है. बीचवालों को कोई नहीं पूछता," शरदिनीबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "मैं खुद बावन परसेंटवाली हूँ."

सव्वीस वर्षांच्या नोकरीत हे त्यांनी पहिल्यांदाच कुणाला सांगितलं होतं.

या मधल्या मुलांसाठी त्यांनी मागितलेला कॉलेजच्या तयारीचा ऐच्छिक विषय त्यांना मिळाला; पण सातव्या तासाला, प्रयोगशाळेमागच्या खोलीत. अकरावीची चौदा मुलं. ऐकता ऐकता टिपणं कशी काढायची, विद्यापीठात कोणकोणते विषय असतात, प्रवेशपरीक्षेचा उतारा कसा वाचायचा, हे सगळं तिथे चाले. सगळ्यात अवघड होतं प्रश्न विचारणं. "समझ में आया?" म्हटलं की चौदा माना एकदम हलत. दहा वर्षांची सवय होती ती.

पुढच्या वर्षी, बारावीच्या नोव्हेंबरात, त्या चौदांतल्या संपदाचे वडील ढुंढिराज शाळेत आले. काशीच्या दशाश्वमेध घाटावर ते महाराष्ट्रातल्या यात्रेकरूंची पूजा सांगत.

"बाई, रागावू नका. पोरगी साधारण आहे. तिला उगाच सपने दाखवू नका. हा तास बंद करा तिचा. घरी हातभार लागतो."

"करते. पण आज एकदा वर्गात बसा. मग तुम्ही म्हणाल तसं."

ढुंढिराज संकोचून मागच्या बाकावर बसले. शरदिनीबाईंनी उतारा वाचला, फळ्यावर उत्तर लिहिलं आणि त्या पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. तेवढ्यात संपदा उभी राहिली.

"मैडम, मुझे समझ में नहीं आया."

ढुंढिराजांनी मान खाली घातली.

"कहाँ अटक गई?"

"लेखक तो दूसरे पैरा में खुद इस बात को काट रहा है. फिर उत्तर 'ख' कैसे?" ती खाली बसली नाही. "मेरे हिसाब से 'ग' होना चाहिए."

शरदिनीबाईंनी उतारा पुन्हा वाचला. मग डस्टर उचलून स्वतःचं उत्तर पुसलं आणि खडू संपदाच्या हातात दिला.

तास सुटल्यावर ढुंढिराज दारापाशी रेंगाळले. "तुम्हाला चूक म्हणाली ती. सगळ्यांसमोर."

"हो. आणि बरोबर म्हणाली."

त्यांनी फळ्यावरचं पोरीचं अक्षर पुन्हा एकदा पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तो प्रवेशपरीक्षेचा फॉर्म... वडिलांची सही कुठे लागते?"

जुलैत निकाल लागले. चौदांपैकी बारा जणांना प्रवेश मिळाला. संपदाला विद्यापीठात इतिहास मिळाला. प्राचार्यांनी स्वतः सातव्या तासाच्या खोलीत येऊन विचारलं, "मैडम, अगले साल दो बैच कर लें?" शरदिनीबाई एवढ्या मोठ्याने हसल्या, की शेजारच्या वर्गातली मुलं दारात जमली.

विद्यापीठाच्या पहिल्या दिवशी ढुंढिराजांनी बाईंनाही आग्रहाने सोबत नेलं. संपदा इतिहास विभागाच्या पायऱ्या भराभर चढून आत गेली. ढुंढिराज मात्र पायरीशी थांबले, वाकले, आणि त्यांनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

"पंडितजी, यहाँ नहीं उतारनी पड़ती," पहारेकरी हसून म्हणाला.

"मालूम है, भैया," ते म्हणाले आणि अनवाणीच पायऱ्या चढू लागले.