मस्तकाचा चुडा

माणिकराव वकिलांची गाडी इटलीत जन्मली, हैदराबादेत वाढली आणि परभणीत म्हातारी झाली. तिचा मूळ मालक, एक जहागीरदार, ती विकून कायमचा हैदराबादेस गेला, तेव्हाच तिचं वय झालेलं होतं. चौऱ्याहत्तर साली पेट्रोल महागलं, तशा लोकांनी स्कूटरी घरात लावल्या. वकिलांनी मात्र गाडीच्या फेऱ्या वाढवल्या, कारण आता ती दिसली की लोक थांबून बघत. प्रवासाला निघताना इतर लोक पाण्याचा तांब्या सोबत घेतात. वकील गफूर मिस्त्रीला घेत.

या गाडीच्या इंजिनाचं वरचं झाकण, ज्याला मिस्त्री लोक हेड म्हणतात, ते अॅल्युमिनियमचं होतं. अॅल्युमिनियम हा मुळात पातेल्यांचा धातू. त्यात लोखंडी प्लग पिळून बसवायचा तो बेताबेतानं. वकिलांना बेतानं काहीच करता येत नसे. प्लग पुरता बसला तरी पान्याला ते शेवटचा एक हिसका देत. उलटतपासणीतही ते असंच करत. तिथे त्यांचे पक्षकार जात, इथे आटे गेले.

नांदेडला निघालेली गाडी चुडावा स्टेशनाजवळ आली आणि बंदुकीचा बार निघावा तसा आवाज झाला. प्लग उडून बॉनेटला आतून लागला होता. गफूरनं तो हुडकून काढला. भोकातले आटे त्याला गुंडाळूनच बाहेर आले होते, सोऱ्यातून चकली यावी तसे.

"चूडी गई, वकीलसाब," गफूर म्हणाला. आट्यांना तो चूडी म्हणे.

"कशानं गेली?"

"आपके हात से. मैं बोल्या था, बस करो, बस करो. आप बोले, और एक."

"ते सोड. भरता येती का न्हाई?"

"चूडी क्यों नै भरती? भोक बडा करतूं, उसमें नवे आटे काटतूं, पितल का बुश बिठातूं, बुश में प्लग. कंपनी से जास्ती टिकेंगा. लेकिन बडा टॅप होना. वो तुमारे घर कपाट में पडा है."

बुश म्हणजे भोकात बसवायचं कडं आणि टॅप म्हणजे आटे कापायचं हत्यार. मिस्त्रीचं हत्यार वकिलांच्या कपाटात का, हा प्रश्न त्या घरात कुणी विचारत नसे. कपाटात कपडे का नाहीत, हाही विचारत नसे.

स्टेशनात परभणीकडे जाणारी पॅसेंजर उभी होती आणि खिडकीत रंगनाथ गुरुजी बसले होते. गुरुजी वकिलांच्याच गल्लीत राहायचे आणि हायस्कुलात मराठी शिकवायचे. निजाम गेला पण आपल्या तोंडात राहिला, याचा त्यांना मनस्वी त्रास होई. बोलताना एकही परका शब्द यायचा नाही, असं त्यांचं व्रत होतं. शाळेच्या शिपायाला ते 'सेवक' म्हणत. त्यामुळे हाक मारली तरी तो येत नसे.

वकील फलाटावर धावत गेले. "गुरुजी! आमच्या घरी सांगा, हेडची चूडी गेली म्हणावं. आमी चुडाव्यालाच हाय. कपाटातला टॅप लगेच पाठवा. पितळेचं बसवलं की चालू होतंय."

पॅसेंजर हलली. गुरुजींनी मान डोलावली.

परभणी येईपर्यंत त्यांनी निरोप धुऊन काढला. हेड म्हणजे मस्तक. चूडी ही दख्खनी मुसलमानी. तिचा चुडा झाला. टॅप म्हणजे नळ, हे तर पाचवीतलं पोरही सांगेल. घंटा व्हायची वेळ झाली होती म्हणून ते वकिलांच्या दारात फक्त उभ्याउभ्या थांबले. दारात वकिलांची थोरली बहीण झुंबरबाई होत्या.

"माणिकरावांच्या मस्तकाचा चुडा गेला," गुरुजी म्हणाले. "ते चुडाव्यालाच आहेत. कपाटातला नळ तातडीने पाठवावा." आणि शाळेत गेले.

झुंबरबाईंचा टाहो ऐकून अर्धी गल्ली आली, उरलेली अर्धी चौकशी करून आली. शेजारच्या कडूबाईंना तेवढी एक शंका होती.

"नळ कशाला गं मागितला?"

"आंघोळीला. शेवटच्या," एकजण म्हणाली.

"चुडाव्याला नळ न्हाई?"

"कुठला आलाय!"

हे सगळ्यांना पटलं.

वकिलांची बायको नर्मदाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना रडू येत नव्हतं, आणि हे बायांच्या लक्षात आलं होतं. झुंबरबाई आतून वरवंटा घेऊन आल्या.

"हात दे, नर्मदे. चुडा गेला म्हणलेत गुरुजी. शिकलेला माणूस हाय, उगं म्हणंल का?"

"मयत तरी येऊ द्या, आक्का."

"दिवस मावळायच्या आत उरकावं लागतंय. माझं बी असंच झालतं. माझ्यासाठी कोण थांबलं व्हतं?"

ही रीत कुठली, हे कुणी विचारलं नाही. नर्मदाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. हिरव्या बांगड्या मनगटापासून पार वर कोपराकडे सारल्या.

"ज्यानं सांगितलं त्याला बोलवा," त्या म्हणाल्या. "त्याच्या तोंडून ऐकते. मग काय फोडायचं ते फोडा."

गुरुजींना वर्गातून आणलं. ओसरीवर रडणाऱ्या बाया बघून ते हेलावले. एका यंत्रावर माणसांचा इतका जीव असू शकतो, याची त्यांना कल्पना नव्हती.

"गुरुजी, खरंच गेला का?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"गेला, वहिनी. पण वय झालंच होतं. इतकी वर्षं चाललं, हेच नवल."

कडूबाईंनी हंबरडा फोडला.

"असा शोक करू नका," गुरुजी म्हणाले. "पितळेचं बसवलं की पुन्हा पूर्ववत चालू होईल."

कडूबाईंनी डोळ्यांवरचा पदर काढला.

"काय चालू होईल?" झुंबरबाई म्हणाल्या.

"मस्तक."

नर्मदाबाई सरळ बसल्या. "गुरुजी, ह्यांनी काय शब्द सांगितले? तुमचे नको. ह्यांचे."

"ते मी उच्चारत नाही."

"शिव्या व्हत्या?"

"परभाषा होती."

"ह्या बाया माझ्या हातावर वरवंटा घालायल्यात, गुरुजी. म्हणा."

गुरुजींनी मागे बघितलं. दारात शाळा समितीचे दत्तराव उभे होते. गुरुजींनी आवाज अगदी खाली आणला, जसा लोक नको त्या दुखण्याचं नाव घेताना आणतात.

"हेडची चूडी गेली, असं म्हणाले."

"आन् मागितलं काय?"

"टॅप."

वीस वर्षं नर्मदाबाईंच्या घरात जेवताना गाडीशिवाय दुसरा विषय निघाला नव्हता. त्यांनी पदराखालून हात बाहेर काढले.

"आटे गेलेत, आक्का. गाडीचे."

"मग आपला माणिक?"

"असंल गाडीखाली."

आतापर्यंत झुंबरबाई रीतीनं रडत होत्या, आता नुसत्याच रडल्या. वरवंटा त्यांच्या हातातून सुटेना. नर्मदाबाईंनी एकेक बोट उकलून तो काढून घेतला.

मग त्यांनी कपाटातून टॅप आणला, फडक्यात बांधला आणि गुरुजींच्या हातात दिला.

"पुढच्या पॅसेंजरनं जा. हाय तसंच द्या. धुऊ नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी हॉर्न वाजवत गल्लीत आली. पितळेचा बुश घट्ट बसला होता आणि गफूर ते सगळ्यांना ओरडून सांगत होता. बाया दारादारांत उभ्या राहून वकिलांकडे टक लावून बघत होत्या. एकीनं तर जवळ येऊन त्यांच्या सदऱ्याला हात लावून पाहिला. वकिलांनी मान तुकवून सगळं स्वीकारलं.

"लय लोक जमलेत," घरात येऊन ते म्हणाले.

"कालपासून यायलेत," नर्मदाबाई म्हणाल्या.

"रडली का काय आक्का? डोळे सुजलेत तिचे."

"रडल्या. कडूबाई बी रडल्या. आख्खी गल्ली रडली."

वकील भारावून खुर्चीत बसले. मग त्यांनी विचारलं, "आन् तू?"

"मी न्हाई."

वीस वर्षं जी गाडी दाराशी उभी राहिली, तिच्यासाठी घरच्या माणसाच्या डोळ्यांतून दोन थेंब येऊ नयेत, हे वकिलांच्या जिव्हारी लागलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. नर्मदाबाई पोटभर जेवल्या.