चवीची गोळी

सून तिसऱ्यांदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत खिम्यात होते.

"आई, काही देऊ का?"

मी म्हटलं, द्यायचंच असेल तर उजेड दे, दारातून बाजूला हो. ती गेली, पण लांब नाही. बाहेरच्या खोलीत टेबल पुसत राहिली. एकच टेबल, पाऊण तास.

मलाही त्या दिवशी एका जागी उभं राहवत नव्हतं. ओट्यापासून खिडकी, खिडकीपासून घड्याळ, घड्याळापासून परत ओटा. खिमा कालवता कालवता दोनदा हात धुतले आणि दोनदा पुन्हा घातले. साडेचार वाजले होते. साडेसातला लेक आणि जावई येणार, आठला जेवण, आणि जेवणानंतर माझा निकाल.

निकाल गॅसचा होता. महिन्यापूर्वी माझ्या हातून दूध करपलं. नुसतं करपलं नाही, पातेल्याचा कोळसा झाला, धूर जिन्यात गेला, आणि वरच्या मजल्यावरची शिंपीण दार बडवत आली तेव्हा मी शेजारच्याच खोलीत बसून शेंगा सोलत होते. थोरला संध्याकाळी घरी आला. तो पाणीखात्यात मीटर वाचतो. दिवसभर लोकांची झाकणं उचलून आत डोकवायची सवय, ती घरातही सुटत नाही. म्हणाला, आई, आता पुरे. तू एकटी असताना गॅस पेटवायचा नाही. आम्ही सकाळी करून जाऊ, तू फक्त वाढून घे.

मी सांगितलं, माझा डोळा लागला होता. डोळा कुणाचाही लागतो, त्याच्या साहेबाचासुद्धा लागतो. पण तो ऐकेना. लेक रविवारी येईल, तिच्यासमोर ठरवू म्हणाला. मी म्हटलं, ठरवा. पण त्या दिवशीचं जेवण मी करीन, एकटी. जेवा आणि मग माझ्या तोंडावर सांगा की बाई, तुला आता जमत नाही.

डोळा लागला नव्हता. मी टक्क जागी होते. मला वास आला नाही.

थंडीत मला ताप आला होता. तीन आठवडे अंथरुणात होते. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. आधी वाटलं, सर्दी आहे, जाईल. मग कांदा नाकाशी धरून पाहिला, रॉकेल धरून पाहिलं, काही नाही. भिंतीला नाक लावल्यासारखं. कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हाताऱ्या बाईला डुलकी लागते, हे लोक समजून घेतात. पण वास न येणारी स्वयंपाकीण म्हणजे बहिरा वाजंत्री. त्याला कोण वरातीत घेईल?

आणि मी स्वयंपाकीण आहे. घरची नाही नुसती, पगारी. एकतीस वर्षं कारखान्याच्या पाहुणेघरात मी रांधलं. दुसरीत शाळा सुटली, पण तिथे आलेला एकही साहेब ताटात टाकून उठला नाही. त्या दिवशी करत होते तो लोफ, भट्टीत भाजायचा खिम्याचा पाव, मी तिथेच शिकले. यंत्रं बसवायला एक इटलीचा इंजिनियर आला होता, त्याच्यामागे त्याची आई आली सहा आठवडे. आज मी आहे तेवढ्या वयाची, काळे कपडे, कमरेवर हात. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. पहिल्याच दिवशी तिने मला माझ्या ओट्यावरून कोपराने बाजूला सारलं. मी तिला सारलं. मग ती हसली आणि एक सुकं पान चुरून तिने माझ्या नाकाखाली धरलं. मी माझी एक बाटली उघडून तिच्या नाकाखाली धरली. सहा आठवडे आमचं बोलणं एवढंच. जाताना रडली बया. मी नाही रडले, पण पुढचे चार दिवस भाजी अळणी झाली.

तर लोफ. शिळ्या पावाचा मगज दुधात भिजवून घट्ट पिळायचा. खिमा खाटकाकडून दोनदा काढून आणायचा. आमचा खाटीक एकदाच काढतो आणि दोनदा म्हणतो, म्हणून मी समोर उभी राहते. किसलेलं कडक चीज, लसूण, दोन कच्ची अंडी, आणि तीन चिमटी ती सुकी पानं, ओरेगानो. हलक्या हाताने कालवायचं, कणकेसारखं तिंबायचं नाही. मग अर्धा खिमा पसरायचा, मधोमध चार उकडलेली अंडी रांगेत झोपवायची आणि उरलेल्याचं पांघरूण घालायचं. वरून टोमॅटोचा रस. कापल्यावर प्रत्येक तुकड्यात पिवळा डोळा दिसला पाहिजे.

माझ्या आजारपणात सुनेने स्वयंपाकघराला रंग काढला होता. चांगलंच केलं, पण त्यासोबत माझे डबेही काढले. आधी ओरेगानो कॉफीच्या चेपलेल्या डब्यात असायचा, मिरी जॅमच्या बाटलीत. आता सगळं एकसारख्या काचेच्या बरण्यांत, सैनिक उभे केल्यासारखं, आणि प्रत्येकीवर तिच्या किरट्या अक्षरातली चिठ्ठी. छापील असेल तर मी अक्षर अक्षर लावून वाचते. तिचं लिहिलेलं तिच्या आईलाही वाचता येत नसेल. मी कधी तक्रार केली नाही. डबा उघडायचा, हुंगायचा, झालं. चिठ्ठी नाकाला कशाला हवी? ही माझी ताप येण्याआधीची अक्कल.

त्या दिवशी वरच्या फळीवर हिरव्या चुऱ्याच्या दोन बरण्या शेजारी शेजारी होत्या. एक उघडली, चिमूट तळव्यावर चोळली, नाकाशी नेली. सवयीने. मग दुसरी चोळली. दोन्ही हिरवी, दोन्ही कोरडी, दोन्ही हाताला सारखी. सुनेला हाक मारायची होती, फक्त हाक. ती भिंतीपलीकडे होती. मी डावीकडची बरणी घेतली आणि तीन चिमटी टाकल्या. वर एक चौथीही पडली.

पाहुणेघरातली माझी एक रीत होती. कालवण झालं की सुपारीएवढी गोळी तव्यावर परतायची आणि खाऊन बघायची, मगच भट्टीत घालायचं. ही चवीची गोळी मी कधी दुसऱ्या कुणाला दिली नाही. हाताखालच्या बायका म्हणायच्या, आम्हाला द्या की. मी म्हणायचे, गोळी खाईल त्याने पाहुण्यांसमोर उभं राहायचं, आहे तयारी?

त्या दिवशीही गोळी परतली. सून चौथ्यांदा दारात आली आणि तिची नजर तव्यावर गेली. तिने श्वास घेतला, तोंड उघडलं.

"आई, ती वरची बरणी..."

मी म्हटलं, बरण्यांचं तू मला शिकवू नकोस. तू जन्मली नव्हतीस तेव्हा मी चाळीस माणसांचं पान वाढत होते. आणि तिच्या डोळ्यांत बघत गोळी तोंडात टाकली, सावकाश चावली आणि मान हलवली. झकास झाल्यासारखी.

तिचा चेहरा असा झाला की एखाद्याने आपल्यासमोर चुकीच्या बसमध्ये पाय ठेवावा आणि बस सुटावी.

लोफ भट्टीत गेला आणि माझ्या येरझाऱ्या वाढल्या. पूर्वी मी भट्टीकडे बघायचेसुद्धा नाही. पहिला लसणाचा वास आला की वीस मिनिटं, चीज खमंग झालं की पाच. आता घड्याळ बघायचं. घड्याळाला काय कळतं खमंग? दर चार मिनिटांनी दार उघडून आत बघत होते आणि गरम हवा डोळ्यांत जात होती. बाहेर आले तर घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या, पंखा जोरात. मी विचारलं, माणसं जेवायला येणार आहेत की घर वाळत घातलंयस? म्हणाली, उकडतंय आई. उकडत नव्हतं.

साडेसातला लेक आली, मागून जावई. लेक नर्स आहे, आल्या आल्या माझी नाडी बघितल्यासारखा हात धरते. जावईबापू फ्रिज दुरुस्त करतात आणि सल्ले फुकट देतात. उंटावरून शेळ्या हाकायची त्यांना भारी हौस. दारात त्यांनी एकदा हवेत नाक वर केलं, काहीतरी म्हणायला लागले, तोवर सुनेने त्यांना गॅलरीत नेलं. मग लेकीला बोलावलं, मग थोरल्याला. चौघं दार लोटून कुजबुजत होती. मी इकडे ताटं मांडत होते. त्या दिवशी आवाज न करता एकही ताट ठेवता येईना. म्हटलं, ठरवा, माझ्या पाठीमागे ठरवा. आधी जेवा तर खरं.

लोफ टेबलावर ठेवला, दहा मिनिटं बसू दिला आणि कापला. डोळे मधोमध. चारही अंडी सरळ रेषेत. इतका नेटका तुकडा पाहुणेघरातही कधी पडला नव्हता. प्रत्येकाच्या ताटात घातला, सोबत भाजलेले बटाटे, आणि मी वाढायची पळी हातात धरून उभी राहिले.

आमचं घर गुणी नाही. माझ्या हातचं खाऊन माझ्याच हाताला नावं ठेवायची इथे पिढीजात पद्धत आहे. थोरला पहिल्या घासाला म्हणणार, लसूण जास्त. लेक म्हणणार, तेल किती. जावईबापू म्हणणार, माझी आई यात गाजर घालते. मग मी त्यांच्या आईचा उद्धार करणार, आणि मग जेवण अंगी लागतं.

त्या दिवशी चौघांनी घास घेतला आणि कुणी काही बोललं नाही. जावई पाणी प्यायले. पुन्हा प्यायले. लेक बटाट्याकडे फार प्रेमाने बघत होती.

"छान झालंय, आई," थोरला म्हणाला.

पन्नाशी आली त्याची. जन्मात त्याने माझ्या जेवणाला छान म्हटलं नव्हतं.

"मऊ झालंय," लेक म्हणाली. जावई म्हणाले, हो, मऊ, अगदी मऊ, आणि गाजराचं नाव काढलं नाही.

मग थोरल्याने घसा साफ केला. ते गॅसचं राहू दे म्हणाला. एकदा झालं, होतं असं. आम्ही बोललो आपापसात. तुझं स्वयंपाकघर तुझ्याकडे, हवं तेव्हा पेटव. बोलताना तो माझ्याकडे नाही, ताटाकडे बघत होता, आणि सून त्याच्याकडे, पाठ केलेलं म्हणणाऱ्या मुलाकडे शाळेतली बाई बघते तशी.

महिनाभर मला जे हवं होतं ते माझ्या पदरात पडलं होतं. मी गप्प बसले असते तर कुणी काही बोललं नसतं. ती माणसं तो लोफ शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवणार होती, हे मला दिसत होतं. पाहुणेघरात एक म्हातारा खानसामा होता, हात कापायला लागले तरी ठेवलेला. तो वाढायला लागला की साहेब लोक फार गोड बोलायचे. त्याला वाटायचं, मान आहे. आम्ही बायका मागे तोंड फिरवून उभ्या राहायचो.

मी पळी खाली ठेवली आणि सुनेला विचारलं,

"काय घातलंय मी यात?"

"आई, जेवून घ्या ना आधी."

"काय घातलंय?"

तिने थोरल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "माझा चहा. झोप यावी म्हणून रात्री घेते तो. लिंबाच्या वासाची पानं असतात."

"आणि लागतंय कसं?"

शेवटी जावयांना राहवलं नाही. खरं बोलायची त्यांना सवय नाही, पण त्या दिवशी बोलले.

"आई, भांडी घासायच्या साबणासारखं."

लेकीने त्यांना टेबलाखालून लाथ मारली. मला हसू आलं. खरंच आलं. म्हटलं, बघा, याला म्हणतात जेवायला बसणं.

मग मी सांगितलं. थंडीपासून मला वास येत नाही. कांद्याचा नाही, रॉकेलचा नाही, करपल्याचा नाही. दूध करपलं तेव्हा मी झोपले नव्हते. एका दमात सांगितलं, उभ्यानेच. लेकीने लगेच डॉक्टरांची नावं घ्यायला सुरुवात केली. मी म्हटलं, डॉक्टर उद्या. थोरला ताटातलं अंडं काट्याने नुसतं फिरवत बसला.

"तुला माहीत होतं," मी सुनेला म्हटलं.

"माघापासून," ती म्हणाली. "दूध नासलं होतं आणि तुम्ही त्याचा चहा करून मला दिलात. स्वतःही प्यायलात."

"आणि तू प्यायलीस?"

"प्यायले."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की रोज पहाटे पाचला ही स्वयंपाकघरात काय करते. मी समजत होते, पाणी प्यायला उठते. गॅसची नळी हुंगायला उठत होती. झोपेचा चहा लागणार नाही तर काय.

तिला काही गोड बोलावं असं आलं मनात, पण त्याची मला सवय नाही. मी म्हटलं, तुझं अक्षर कुत्र्याने खाल्लेलं आहे. ती म्हणाली, हो आई. मी म्हटलं, गॅस उद्यापासून तू पेटवायचा, तूच बंद करायचा. तू घरात नसशील तेव्हा मी हात लावणार नाही. हे तुम्ही ठरवलं नाही, मी ठरवलं, कळलं का थोरल्या? तो म्हणाला, कळलं.

जावई ताट बाजूला सारायला लागले. मी त्यांना म्हटलं, ठेवा तिकडे, बळजबरी नाही, बाहेरून काहीतरी आणा सगळ्यांसाठी. ते सुटल्यासारखे उठले, पायात चपला घालेपर्यंत लेकही निघाली, थोरला किल्ली शोधायला लागला.

मी खुर्ची ओढली. सकाळपासून पहिल्यांदा बसले. टोकाचा तुकडा कापून घेतला, वर टोमॅटोचा रस घातला आणि नीट, घासाघासाने, पूर्ण खाल्ला. सून समोर बसून बघत होती. जिभेला तेवढं अजून कळतं.

"मीठ बरोबर आहे," मी म्हटलं.

ती म्हणाली, हो आई, मीठ बरोबर आहे.