रखमाजी मामांच्या सोळा जागा

निरगुडसरच्या दूध संस्थेने मला सोमवारपर्यंत मुदत दिली होती. तोवर प्रोग्रॅम नीट चालला तर माझा, नाहीतर पुण्याच्या कंपनीचा, आणि मी परत जुन्नरात माझ्या टायपिंग क्लासात. सेक्रेटरी चांगदेव फार गोड आवाजात म्हणाला, "साधनाताई, तुमी हुशार हाय, पण सभासदांच्या शिव्या मी किती दिवस खायच्या?"

चूक माझीच होती, आणि आपल्याकडच्याच बाईने करावी अशी होती. आसपासच्या वाड्या धरून संस्थेचे चोवीसशे सभासद. त्यातला एकही दुसऱ्याच्या मागे निमूट उभा राहिलेला मी पाहिला नव्हता. म्हणून मी प्रत्येकाला स्वतंत्र थ्रेड दिला. थ्रेड म्हणजे प्रोग्रॅमातला एकेक कामकरी. भिमाजीचं दूध आलं की भिमाजीचा कामकरी उठणार, लिटर आणि फॅट लिहून पावती काढणार, परत झोपणार. मानपान सगळ्यांचा सांभाळला गेला. पण रोज पहाटे एक हजार नऊशे ऐंशीच्या आगेमागे कामकरी उभे राहिले की कॉम्प्युटर म्हणायचा, मेमरी संपली.

बरं, संपलेली कुठे? निम्म्याहून जास्त मोकळी दिसत होती. तरी जुन्नरच्या दुकानदाराचं ऐकून मी मशीनची मेमरी दुप्पट केली. दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम त्याच आकड्याला बसला.

रविवारी भावकीत लग्न होतं. जेवणाच्या मांडवात शिरले तर दाराशी ही गर्दी, आणि आत पट्ट्या रिकाम्या. एका पट्टीच्या मधोमध आमचे रखमाजी मामा एकटेच. पट्टीच्या एका टोकाला त्यांचं उपरणं, दुसऱ्या टोकाला टोपी.

"मामा, एवढी जागा?"

"सोळा माणसांची हाय. आमचं घर."

"माणसं कुठंयत?"

"येत्याल की. घर एका ओळीत बसलं पायजे. मधी दुसरा घुसला तर पुन्हा जागा करता येतीय व्हय?"

प्रत्येक घराने हेच केलं होतं. वाढायला उभ्या असलेल्या साळुबाई मामी पळी हातात धरून म्हणाल्या, "भात ढीगभर हाय गं, पण बसायला बोटभर जागा न्हाई. तुझ्या मामानं उपरण्यालाच जेवू घालायचं ठरवलंय."

मी तिथेच थबकले. कॉम्प्युटरात हेच तर चाललं होतं.

हातातलं काम अर्धवट ठेवून दुसरं करायचं, तर पहिलं कुठवर आलं ते टिपायला प्रत्येक थ्रेडला जागा लागते. तिला स्टॅक म्हणतात. ती सलग हवी, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येकासाठी आधीच एक एमबी जागा धरून ठेवते. नुसतीच धरते, वाढत काही नाही. खरी मेमरी थ्रेड पुढे सरकेल तसतशी, पानापानाने, म्हणजे ठरावीक छोट्या तुकड्यांनी मिळते. आणि मांडव ठरलेला: संस्थेच्या जुन्या सिस्टिमवर एका प्रोग्रॅमला दोन जीबीचीच जागा, मग मशीनमध्ये मेमरी कितीही भरा. दोन हजार उपरणी पडली की मांडव भरला. मी दुकानदाराकडून भात वाढवून आणला होता.

मामींचंही बघत राहिले. बसलेल्या शेवटच्या माणसाच्या पलीकडे त्या एक कोरी पत्रावळ मांडून ठेवायच्या. तिच्यापाशी कोणी बसलं की त्याला वाढायच्या आणि पुढे आणखी एक कोरी मांडायच्या. कॉम्प्युटरही असंच एक राखणीचं पान पुढे ठेवतो. त्या पानाला हात लागला की कॉम्प्युटरला कळतं, माणूस आला.

मला एवढा हुरूप आला की मी मामांना टोपीकडे सरकवलं, त्यांचं उपरणं उचललं आणि टोपीपासून चौथ्या जागेवर आणून ठेवलं. दारातली बारा माणसं लगेच बसली. मामी खूश.

दहा मिनिटांत मंचरहून जीप आली. मामांची सात माणसं उतरली. पहिली तिघं बसली, चौथा नातू राखणीची पत्रावळ ओलांडून शेजारच्या घराच्या आमटीत गुडघ्यासकट गेला.

"कॉम्प्युटरवाली," मामा म्हणाले, "चार जागात माझं घर बसवत व्हतीस? त्या कॉम्प्युटराचं कसं हुईल गं?"

खरंच कसं झालं असतं? मी घरी गेल्या गेल्या स्टॅक सगळ्यात लहान करणार होते. कामकऱ्याला त्याहून एक पान जास्त लागलं असतं तर नुसता तोच नाही, सगळा प्रोग्रॅम आमटीत गेला असता. म्हणून त्या संध्याकाळी आधी मोजलं: सगळ्यात लांबलचक पावती काढताना थ्रेड किती आत जातो. शंभर केबीच्या आसपास. मग एक एमबीच्या जागी अडीचशे केबी लिहिले, आणि उपरण्याची आठवण ठेवून त्यावर आणखी सहा.

सोमवारी पहाटे चांगदेव माझ्या खांद्यामागे उभा राहून आकडे वाचत होता. एकोणीसशे ऐंशीला त्याने श्वास धरला. दोन हजारला सोडला. चोवीसशेवा सभासद रखमाजी मामा. त्यांचा कामकरी उभा राहिला, पावती निघाली.

मामांनी ती उलटसुलट बघितली. "माझी जागा धरली का यात?"

"धरलीय, मामा. पाव केलीय."

"आन् नातू आले तर?"

"मावतील. मोजलेत."

मामांनी किटली उचलली आणि जाता जाता चांगदेवला म्हणाले, "पुण्याची कंपनी मोजती का बघ आधी."