कललेली मान

माझा दादा गवंडी, पण भिंत बांधण्यापेक्षा भिंतीचा अर्थ सांगायची हौस दांडगी. चर्चच्या दुरुस्तीचं काम मिळालं आणि त्याच्या तोंडाला विश्रांतीच उरली नाही.

"वरून बघितलं तर हा आडवा क्रूस आहे. हे लांब दालन म्हणजे पालथी नाव, माणसांना तारून नेणारी. बाप्तिस्म्याचं कुंड अष्टकोनी, कारण आठवा दिवस नव्या जन्माचा. आणि वेदीकडची बाजू जराशी कललीय ना? ती क्रुसावर कललेली प्रभूची मान. पूर्वी मुद्दाम तशी बांधायचे म्हणतात."

ऐकायला छान वाटायचं. पण मी गिलावा करणारी. कललेली भिंत दिसली की मला आधी भीती वाटते. म्हणून तिथल्या भेगेवर मी काचेची पट्टी चिकटवून ठेवली होती. भिंत हलली तर काच तुटते.

आज सकाळी पट्टीचे दोन तुकडे झालेले. दादा वर, भिंतीत रोवलेल्या बांबूच्या परांचीवर उभा राहून जुना गिलावा ठोकून काढत होता.

"दादा, खाली उतर! काच तुटलीय."

"उन्हाने तडकली असेल. मानच ती, कललेलीच असणार!"

"अरे, काल एवढी नव्हती!"

"वेडाबाई, कितीतरी पिढ्या अशीच आहे."

हातोडा पुन्हा सुरू. दर ठोक्याला भेगेतून चुना भुरभुरत होता. ह्याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. रागही आला, रडूही. शेवटी मी शिडीला हात घातला.

"मग मीही वर येते. मरू दोघं!"

"ए, येऊ नकोस! दोघांचं वजन ही भिंत..." तो थबकला. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं तर.

शिव्या घालत तो उतरला. मला समजवायला म्हणून भिंतीला तळहात लावला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. भिंत आतून करकरत होती.

"पळ!"

आम्ही अंगणात येऊन आपटलो. मागे धडाडधूम झालं. धूळ बसली तेव्हा वेदीकडची बाजू नव्हती, परांचीही नव्हती.

दादाने डोळ्यांतली धूळ पुसली. मग बारीक आवाजात म्हणाला, "आईला सांगू नकोस गं."

त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण माझ्या हातांनी त्याचा सदरा घट्ट धरला होता, तो सोडवेना.