जेवताना विचारलेला प्रश्न

मी एक जुने मेपलचे टेबल आहे. सिअ‍ॅटलजवळच्या एका विद्यापीठात, समाजशास्त्र विभागाच्या मीटिंग रूममध्ये माझे सारे आयुष्य गेले. मित्रांनो, अमेरिकेतले टेबल मराठी कसे बोलते, असे तुम्हाला वाटेल. त्याला कारण मैत्रीबाई. त्या मूळच्या नागपूरच्या. इथे प्राध्यापक होऊन त्यांना बारा वर्षे झाली. रोज दुपारी त्या माझ्या कडेला डबा उघडतात आणि जवळच्याच बॉथेल गावी घरून काम करणाऱ्या नवऱ्याला, शशिकांतला, फोन लावतात. इतकी वर्षे कानावर पडल्यावर लाकडालाही भाषा येते.

पन्नास वर्षांपूर्वी दोन सुतारांनी मला याच खोलीत जोडले, कारण अखंड टेबल दारातून आत येईना. तेव्हा माझे फार कौतुक झाले. समाजशास्त्राची माणसे भांडकुदळ असतात हे मला लवकरच कळले. आधी ती माझ्यावर मुठी आपटतात आणि मग माझ्यावरच केक कापतात. पुढे कोरोनात दोन वर्षे इकडे कोणी फिरकले नाही. मीटिंगा पडद्यावर होऊ लागल्या आणि माझ्यावर इतकी धूळ साचली की मला माझाच रंग आठवेना. तेव्हापासून माझा एक पाय डुगडुगतो.

आमच्या विभागात लॅटिनेक्स स्टडीज नावाचा विषय शिकवला जाई. मेक्सिको, ग्वाटेमाला अशा देशांतून इथे आलेली माणसे आणि इथेच जन्मलेली त्यांची मुलेबाळे कशी जगतात, याचा तो अभ्यास. आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांचे आईवडील डोंगरापलीकडे सफरचंदांच्या बागांत राबतात. त्या मुलांना हा वर्ग जीव की प्राण होता. पण तो शिकवणारे प्राध्यापक निवृत्त झाले आणि जागा चार वर्षे रिकामी राहिली. दोनदा जाहिरात निघाली, दोनदा फुकट गेली. तिसऱ्या वेळी डीननी स्पष्ट सांगितले, ‘यंदा माणूस मिळाला नाही तर ही जागा दुसऱ्या विभागाला देऊ.’ निवड समितीच्या प्रमुख होत्या मैत्रीबाई. त्यांची झोपच उडाली.

इथे उमेदवाराला दोन दिवस बोलावतात. त्याचे व्याख्यान ऐकतात, त्याच्याबरोबर जेवतात. या दोन दिवसांत काय विचारायचे नाही, याची एक यादी असते. लग्न झाले का, मुले किती, जन्म कुठला, धर्म कोणता, यातले अवाक्षर काढायचे नाही. दर वेळी ती यादी मैत्रीबाईच सगळ्यांना वाचून दाखवत.

तिघांपैकी शेवटच्या उमेदवार होत्या टेक्ससच्या डॉ. येसेनिया ओकाम्पो. दुपारी समितीतल्या चौघांबरोबर माझ्याभोवती जेवायला बसल्यावर त्यांनी अर्धे सँडविच खाऊन बाकीचे बाजूला सारले. पाहुणी उपाशी राहते आहे हे पाहून मैत्रीबाईंमधली यजमानीण जागी झाली. त्यांनी आपल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी पुढे केली, आग्रह केला आणि बोलता बोलता विचारून बसल्या, "घरी कोण कोण असतं? मुलं आहेत का?"

यादीतलाच प्रश्न! येसेनियाबाई म्हणाल्या, "एक मुलगी आहे. चार वर्षांची." मैत्रीबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

नंतर समितीतले वॉल्टर नावाचे सहकारी त्यांना हळूच म्हणाले, "विसरून जा. आपण चौघांनीच ऐकलं." ते गेल्यावर मैत्रीबाईंनी घरी फोन लावला.

"अगं, पाहुण्यांना आपण विचारतोच की," शशिकांत म्हणाले. "एवढं काय टेन्शन घेते?"

"ती पाहुणी नव्हती रे, कँडिडेट होती. भारतातला माझा पहिला इंटरव्ह्यू आठवतो? पॅनेलनं किती प्रेमानं विचारलं होतं, आडनाव काय, गाव कोणतं. माझ्या तोंडून उत्तर निघालं आणि त्यानंतर एकही प्रश्न आला नाही. आणि आज मीच..."

"मग एचआरला सांगून टाक ना."

"सांगितलं आणि त्यांनी सर्च कॅन्सल केला तर? पोस्ट गेली म्हणजे गेलीच. त्या पोरांना काय सांगू मी?"

मग शशिकांत म्हणाले, "नाही सांगितलं तर स्वतःला काय सांगशील?"

मैत्रीबाईंनी कपाळ माझ्यावर टेकवले. मित्रांनो, माझ्यावर पुष्कळांनी पुष्कळ काही टेकवले आहे, पण तो भार मला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच तक्रार नोंदवली, स्वतःविरुद्ध. एचआरमधल्या गेल नावाच्या बाई येऊन बसल्या, त्यांनी सगळे लिहून घेतले. दोन दिवसांनी निर्णय आला. निवड चालू राहील, मात्र मैत्रीबाईंनी समितीतून बाहेर पडायचे, मतही द्यायचे नाही. मला हायसे वाटले, पण पुरते नाही.

अंतिम बैठकीच्या वेळी मैत्रीबाई बाहेर कॉरिडॉरमध्ये बसल्या होत्या. त्यांना ऐकू येत नव्हते ते मी ऐकत होते. दोन तास व्याख्यानांवर आणि संशोधनावर खडाजंगी झाली. मुलीचा विषय कोणी काढतो की काय, म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. कोणी काढला नाही. येसेनियाबाईंची एकमताने निवड झाली. त्यांनी होकार कळवायला बारा दिवस लावले. होकार आला तेव्हा वॉल्टरनी आनंदाने मूठ आपटली आणि ती मला जराही लागली नाही.

सप्टेंबरात येसेनियाबाई रुजू झाल्या. एका दुपारी त्या मैत्रीबाईंसमोर येऊन बसल्या. "तुमच्या एचआरनं मला फोन करून सगळं सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "पाच युनिव्हर्सिट्यांत मला मुलीबद्दल विचारलं गेलं. स्वतःची तक्रार मात्र एकीनंच केली. म्हणून इथे आले."

मैत्रीबाईंनी नुसता डबा पुढे सरकवला.

मित्रांनो, उद्या तुम्हीही मोठे व्हाल, कोणाची तरी निवड करायला बसाल. समोरच्याचे भाकरीपाणी ज्याच्या हातात असते, त्याने प्रश्न जपून विचारावेत. चूक झालीच तर ती स्वतःच्या तोंडाने सांगावी. आणि हो, टेबलावर बसू नये. मी हे सगळ्यांना बजावते. पण याच खोलीत भरलेल्या येसेनियाबाईंच्या पहिल्या वर्गाला खुर्च्या पुरल्या नाहीत, आणि बागांतून आलेली ती मुले खुशाल माझ्यावर चढून बसली. डुगडुगत्या पायाने मी त्यांना तासभर सावरून धरले आणि एकदाही कुरकुरले नाही.