वळायला बारा पावलं

थोरलीने वाकून मूठभर माती उचलली, दाबली आणि मूठ उघडली. ढेकूळ क्षणभर तळहातावर टिकलं, अंगठा लावताच त्याचा भुगा झाला.

"ओल अजून दोन दिवस टिकेल," ती नवऱ्याला म्हणाली. "फार तर."

थोरला ओट्यावर बसून शेजारच्या ओट्याकडे पाहत होता. तिथे धाकटा भाऊ बसला होता आणि इकडे पाहत होता.

"त्याने पेरलं की आपण पेरू."

"तो काय म्हणतोय?"

"बोलतोय कोण त्याच्याशी?"

सहा महिन्यांपूर्वी शेत वाटताना दोघांनी न्यायाची कमाल केली होती. शेताचं वरचं टोक मुरमाड, खालचं कसदार. मोजणीदार म्हणाला, आडवं कापा आणि मुरूम घेणाऱ्याला थोडी जास्त जमीन द्या. दोघे एका सुरात म्हणाले, छे, उभंच कापा. मुरूमही निम्मा निम्मा. त्यानंतर त्यांचं कशावरही एकमत झालेलं नाही. मोजणीदाराने मधोमध खुंट्या ठोकून दोन पट्टे करून दिले. लांबी चारशे पावलं, रुंदी प्रत्येकी नऊ.

पेरणीच्या वेळी ट्रॅक्टरवाल्याने पट्टा पाहिला आणि डोकं खाजवलं.

"मला वळायला बारा पावलं लागतात. नऊच्या वरची तीन कुणाची?"

तीन अर्थातच भावाची. जो आधी पेरेल, तो भावाच्या मोकळ्या मातीत आरामात वळेल. पण मग भाऊ पेरायला आला की त्याचं यंत्र या पेरलेल्या बियांवरून वळणार. म्हणजे मागून पेरण्यातच शहाणपण. भाऊ दोन्ही शहाणे निघाले. पाच दिवस दोघे आपापल्या ओट्यावर बसून दुसऱ्याच्या मूर्खपणाची वाट पाहत होते आणि शेत वाळत होतं.

घर एक होतं तेव्हा शेताचं धान्य अकरा महिने पुरायचं. बाराव्या महिन्यात सगळे थोडं कमी जेवायचे आणि थोडं जास्त चिडायचे. आता कणग्या दोन झाल्या, चुली दोन झाल्या; वाटणी मानवली ती फक्त उंदरांना. थोरलीच्या घरात खाणारी पाच तोंडं होती आणि कणगीचा तळ दिसायला लागला होता. सकाळपासून ती तीनदा झाकण उघडून आली होती, जणू मधल्या वेळात कुणी भर घालून जाणार होतं. पेरणी हुकली तर पुढच्या वर्षी झाकण उघडायचेही कष्ट नव्हते.

चौथ्यांदा ती कणगीकडे गेली नाही. बियाण्याची टोपली, दोरी आणि टोकदार काठी घेऊन थेट शेताच्या खालच्या टोकाला गेली. दोरी आडवी ताणली आणि बसून टोचायला लागली. भोक, दोन दाणे, माती. भोक, दोन दाणे, माती. नऊ पावलं संपली. खुंटी आली. ती खुंटीला वळसा घालून पुढे सरकली.

"जाऊबाई!" धाकटी धावत आली. "खुंटी मागे राहिली."

"दिसली मला."

"मग आमच्यात काय करताय?"

"पेरतेय."

"कुणाचं बी?"

"माझं. तुझं असेल तर घेऊन ये, एवढ्याने भागायचं नाही."

धाकटी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. थोरलीने मान वर केली नाही.

"एकटं माझं पेरलं तर तुमचं यंत्र त्यावरून वळणार. सगळंच पेरून टाकलं की वळायचं कुणाला?"

"आणि कापताना? भांडणं होतील."

"होऊ देत. भांडायला शेतात काहीतरी उभं तर असेल."

धाकटी तरातरा घराकडे निघाली. नवऱ्याला आणायलाच गेली, असं समजून थोरलीने हात वेगाने चालवले. भोकं वेडीवाकडी पडू लागली, दोनाच्या जागी चार दाणे जाऊ लागले. पाठीमागे पावलं वाजली तेव्हा ती थांबली.

धाकटीच्या काखेत टोपली होती. दोरीच्या दुसऱ्या टोकाला ती बसली.

"तुमची ओळ वाकडी जातेय, जाऊबाई."

"वाकडी असली तरी उगवेल ना? मग बोलू नकोस."

दोघींच्या सात ओळी झाल्या. मग धाकटीने डोळ्यांवर हात धरून वरच्या टोकापर्यंत पाहिलं, आणि थोरलीनेही पाहिलं. चारशे पावलांतली जेमतेम पाच झाली होती. काठ्या पुन्हा चालू लागल्या, आधीपेक्षा जोरात.

उन्हं कलली तेव्हा थोरला खाली आला. आपल्या पट्ट्यातून चालत खुंटीपाशी थांबला. बायको पलीकडे होती, पाठ करून. तिने बियाण्याची टोपली मागे सरकवली, एवढंच. थोरल्याने इकडेतिकडे पाहिलं, चपला काढून अलीकडेच ठेवल्या आणि अनवाणी धाकट्याच्या मातीत पाऊल टाकलं. बायकोच्या हातातली काठी घेतली आणि बसला.

थोड्या वेळाने समोरच्या बाजूने सावली पुढे आली. धाकटा उभा होता. बराच वेळ तो भावाच्या हातांकडे पाहत राहिला.

"दाट पडतंय," तो शेवटी म्हणाला.

सहा महिन्यांत भावाशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

थोरल्याने वर पाहिलं नाही. पुढचं भोक त्याने चार बोटं जास्त अंतरावर पाडलं.