अर्ध्यावर सोडलेला ताप

कार्तिकातलं कोवळं ऊन पलूसच्या आमच्या पडवीत उतरलं, की अण्णांच्या पत्र्याच्या डबीतल्या कॅप्सूल्स खुळखुळायच्या. अण्णा म्हणजे माझे वडील, पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार. ताठ कणा, पिळदार मिशा आणि उसाच्या पाचटासारखा खरखरीत आवाज. मूतखड्यापायी त्यांना वरचेवर हुडहुडी भरून ताप यायचा. साताऱ्याच्या दवाखान्यातून आठवड्याचं औषध आणायचे आणि अंग निवलं, की उरलेलं डबीत बंद. "शत्रू पळाल्यावर गोळी झाडायची न्हाई, पोरी. काडतूस राखावं," असं वर ऐटीत ऐकवायचे. गल्लीत कुणाला गळू झालं, की त्याच डबीतली एखादी कॅप्सूल प्रसादासारखी त्याच्या हातावर पडायची. "आवं, डाक्टरनी समदं घ्याया सांगितलंय," आई करवादायची. ऐकतील तर शपथ! हट्टी म्हणजे महाहट्टी माणूस.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि अण्णांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. त्या शिस्तबद्ध देहावर सूज अशी चढली, की मिशांखेरीज ओळखीचं काही उरलं नाही. सांगलीच्या इस्पितळात पोटात नळी घालून, बाटल्या-बाटल्यांनी पाणी आत सोडून, रक्तातलं विष बाहेर काढायचे. आरंभी ते पाणी निर्मळ आलं, सूज ओसरली आणि माघातल्या निळसर उजेडात अण्णांनी चक्क भाकरी मागितली. आई हरखून रडली. मग एका सकाळी पाणी ताकासारखं गढूळ आलं. जंतू आत शिरले होते. ते मेले तरच रक्ताचं पुढचं धुणं होणार होतं आणि धुणं झालं तरच अण्णा जगणार होते. एकामागून एक इंजेक्शनं झाली. ताप तसूभर हटेना.

"तुमच्या अंगातले जंतू या औषधांना सरावलेत, हवालदारसाहेब," डॉक्टर खाटेशी बसून म्हणाले. "दर वेळी अर्धवट मार खाऊन निसटलेत ते."

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला.

"म्हंजी मीच त्यास्नी तालीम दिली म्हनायची."

मला डॉक्टरांचा राग आला, औषधांचा आला, आणि त्या मेल्या पलटणी शहाणपणाचा तर फारच आला. चैत्रातलं ऊन तापायच्या आत अण्णा गेले.

वाटलं होतं, काळ सरेल तसे निदान स्मृतीत तरी ते बरे होतील. पण आठवायला बसलं, की त्यांना पुन्हा ताप चढतो आणि तिथंही कुठलंच औषध लागू पडत नाही.